एकाच पत्त्यावरची नोटीस

मामा,

पोस्टमन ती नोटीस घेऊन आला तेव्हा तुम्ही बाहेरच्या कट्ट्यावर बसून बियाण्याच्या शेंगा फोडत होता. दुपारचे बारा-साडेबारा झाले असतील. मी अंगणवाडीतून नुकतीच आले होते आणि पायांवर पाणी घेत होते. पोस्टमन गावातलाच, आपल्या घरातलं सगळं त्याला ठाऊक. त्यानं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "वैनी, सही करा. आन् ह्यात कायतरी घोळ हाय बघा, पाठवनाऱ्याचा पत्ता बी ह्योच पडलाय." घोळ नव्हता. पाठवणारे तुम्ही होता आणि घेणारी मी. तुम्ही मान वर केली नाही, पण शेंगा फुटायचा आवाज थांबला होता. मी पोचपावतीवर सही केली. ती पावती तीन-चार दिवसांनी तुमच्या नावानं परत ह्याच घरी येणार होती आणि तुम्ही शेतात असलात तर मलाच घ्यावी लागणार होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आत जाऊन चुलीपुढं बसून मी ती वाचली. तुम्ही मला करून दिलेलं मुखत्यारपत्र रद्द केलं आहे, यापुढं आपणांस माझ्या मिळकतीबाबत कोणताही व्यवहार करण्याचा अधिकार राहिलेला नाही, असं टाइप केलेलं होतं. खाली तुमची सही, शेवटचं अक्षर खाली ओघळलेलं. आयुष्यात तुम्ही मला 'आपणांस' म्हणालात ते त्या एकाच कागदावर. मी भाकरी करायला घेतल्या. तुम्हाला पातळ लागते, त्या दिवशी मी जाड केली. तेवढाच राग मला काढता आला. तुम्ही ती दुधात कुस्करून खाल्लीत, ताट आपल्या हातानं मोरीत नेऊन ठेवलंत आणि परत शेंगा फोडायला बसलात. नोटिशीबद्दल तुम्ही बोलला नाहीत, मीही नाही. पुढं पंधरा-वीस दिवस आपण एका घरात असेच राहिलो. पाणी तापलंय, औषध घेतलं का, गाय पान्हा चोरायला लागलीय, एवढंच बोलणं.

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणायची रीत आहे, पण तुम्ही माझे मामा झालात ते रीतीनं नाही. तुमचा मुलगा, तुमचा एकुलता एक, लातूरच्या रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला तेव्हा माझी पोर सहा वर्षांची होती. माहेरचे न्यायला आले होते. तुम्ही त्यांना जेवू घातलंत आणि म्हणालात, "तिला जायचं आसंल तर जाऊ द्या, आडवनार न्हाय. ऱ्हायली तर हितं तिचं घर हाय." मी राहिले. चार वर्षांनी तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला, खुब्याचं दुखणं आलं, सोसायटी आणि तलाठ्याच्या चकरा होईनात, तेव्हा तुम्ही मुखत्यारपत्राचं काढलंत. भावकी हसली. सुनेच्या हातात कारभार देतो म्हणून पारावर चार दिवस तेवढाच विषय झाला. रजिस्ट्री ऑफिसातल्या साहेबांनीही विचारलं होतं, बाबा, तुम्हाला मुलगी नाही का. तुम्ही म्हणालात, "हाय की. पर आमच्या जनावरांना रोज पानी ही दावती." साहेब हसले, मी खाली बघत राहिले. बाहेर आल्यावर तुम्ही स्टँडजवळ अर्धा किलो खव्याचे पेढे घेतलेत आणि एक माझ्या हातावर ठेवून म्हणालात, आता सही तुझी, पण सातबारा वाचायला शिकावं लागंल. महिनाभर दिवेलागणीला ओसरीवर बसून तुम्ही मला ते शिकवलंत. डोळ्यांना दिसत नव्हतं तरी कुठल्या रकान्यात काय असतं ते तुम्हाला पाठ होतं. मी वाचायची, तुम्ही चूक काढायची. तुम्ही रागावायचात, पण मला लाज वाटेल असं कधी बोलला नाहीत.

आठ वर्षं मी तो कागद वापरला. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तुम्हाला नीट दिसायला लागलं, तरी तुम्ही कागद परत मागितला नाहीत. पीक कर्ज, विमा, बांधाचं भांडण, मोजणी, सगळं मी केलं आणि संध्याकाळी तुमच्याजवळ बसून सांगितलं. मग पवनचक्कीवाले आले. माझा भाऊ त्यांच्या मागंपुढं असायचा, जागा दाखवायचा. तो म्हणाला, तुमच्या वरच्या माळाला वारा चांगला आहे, तिथं कुसळाशिवाय काय उगवतंय, टॉवर उभा राहिला तर पोरीच्या शिक्षणाचं बघायला नको. मला ते पटलं. आजही पटतं. मी मुखत्यार म्हणून त्यांच्या संमतीच्या कागदावर सही करून दिली, पक्का करार रजिस्ट्रीत मागून व्हायचा होता. तुम्हाला विचारायचं राहून गेलं असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. राहून नव्हतं गेलं. तुम्ही दोन महिने विचार कराल, भावकीतल्या चौघांना विचाराल, पाचवा कुणीतरी मोडता घालेल आणि तोवर कंपनी पुढच्या गावाला जाईल, म्हणून मी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर, आठ वर्षांनंतर विचारायची गरज आहे असंही मला वाटेनासं झालं होतं.

तुम्ही 'तेरला दर्शनाला जाऊन येतो' म्हणून सकाळच्या एसटीनं गेलात आणि गेला होता धाराशिवला, हे मला नोटिशीवरच्या शिक्क्यानं कळलं. कळंबहून तुमची मुलगी, म्हणजे ताई, तिथं आल्या होत्या हेही नंतर समजलं. मग मी ठरवून टाकलं की हे ताईंचंच काम आहे. त्यांनीच म्हाताऱ्याचे कान भरले. असं ठरवलं की बरं पडतं, माणसाला स्वतःकडं बघावं लागत नाही. पेपरातही जाहीर प्रकटन आलं. गावात चहाच्या हॉटेलात ते कुणीतरी मोठ्यानं वाचलं म्हणे. अंगणवाडीत पोषण आहार शिजवणारी मावशी मला म्हणाली, लोक इचारत्यात, म्हाताऱ्याचं काय खाल्लंस गं? मी हसून सोडून दिलं आणि साठ्याच्या खोलीत जाऊन तांदळाच्या पोत्यावर बसले. बराच वेळ बसले.

भाऊ मला वकिलाकडं घेऊन गेला. कंपनीला शब्द दिलाय, आता मागं कसं फिरायचं, हे त्याचं चाललेलं. वकील वयस्कर होते, त्यांनी सरळ सांगितलं की ज्यानं दिलं त्याला काढून घेता येतं, त्यात तुम्हाला करण्यासारखं काही नाही. मग म्हणाले, एक मात्र आहे. रद्द करताना म्हातारा भानावर नव्हता, त्याला कळत नव्हतं, असं डॉक्टरनं लिहून दिलं तर कोर्टात भांडता येईल. भाऊ लगेच म्हणाला, तसं विसरतातच की ते हल्ली. तुम्ही विसरत होता, मामा. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचात. पण रानात कुठल्या बांधावर कितवं झाड आहे ते तुम्ही झोपेतून उठून सांगितलं असतं, हे मला ठाऊक होतं. वकिलापुढं मी ते बोलले नाही.

मी तुम्हाला म्हणाले, गुडघा फार दुखतोय ना, धाराशिवला मोठे डॉक्टर आहेत, दाखवून येऊ. इतक्या दिवसांत कामापलीकडचं मी पहिल्यांदा आपणहून काही बोलले होते. तुमचा चेहरा एकदम उजळला. ते मला अजून दिसतं. धुतलेलं धोतर नेसून तुम्ही माझ्या आधी तयार होऊन कट्ट्यावर बसलात. एसटीत खिडकीची जागा मला दिलीत. तेव्हा गाडीच्या पाटीवर उस्मानाबाद लिहिलेलं असायचं, तुम्ही मात्र कंडक्टरला "दोन धाराशिव" म्हणूनच सांगायचात.

डॉक्टर तरुण होता. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, तुम्ही कठड्याला धरून एकेक पायरी चढलात. आत तो तुम्हाला नाव विचारतो, गाव विचारतो. आज वार कुठला? तुम्ही सांगता. आत्ता आपण कुठं आहोत? "दुसऱ्या मजल्यावर. गुडघ्यासाठी आलोय आन् जिन्यानं चढवलंय," तुम्ही म्हणता, आणि तो हसतो. मग तो म्हणतो, बाबा, महिने उलटे म्हणून दाखवा. तुम्ही माझ्याकडं एकदा बघता. गुडघ्याचा आणि महिन्यांचा काय संबंध, हे तुमच्या मनात तेव्हा आलं असणार. तरीही तुम्ही मुकाट म्हणायला लागता, शाळेतल्या पोरासारखं, हात मांडीवर ठेवून. फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक, आश्विन. तिथं तुम्ही थांबलात. फार नाही, एखादा श्वास घ्यायला लागतो तेवढंच. आणि मामा, तेवढ्यात मी देवाला मागितलं की इथं चुकू दे. पुढचं आठवू नये ह्यांना. मग तुम्ही भाद्रपद म्हणालात, श्रावण म्हणालात आणि चैत्रापर्यंत न अडखळता गेलात. डॉक्टरनं माझ्याकडं बोट करून विचारलं, ह्या कोण? तुम्ही म्हणालात, "ही माझी सून. माझं समदं हीच बघती." आणि मग शांतपणे त्याला विचारलंत, "डाक्टर, गुडगा कवा बघनार?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी टेबलावरच्या काचेकडं बघत होते. तो बिचारा उठला, खाली बसून त्यानं तुमचा गुडघा दाबून पाहिला, तो काही हाडांचा डॉक्टर नव्हता, तरी चोळायला मलम लिहून दिलं. माझ्या हातात दिलेल्या कागदावर, वयाच्या मानानं स्मरण आणि समज उत्तम, असं लिहिलं होतं.

स्टँडवर आपण सिमेंटच्या बाकावर बसलो. आपल्या गाडीला तासभर होता. मी चहा आणला. तुम्ही बशीत ओतून प्यायलात, कप बाजूला ठेवलात आणि समोर बघत बोललात. "येडा म्हनून कागद पायजे व्हता व्हय तुला?" तुम्ही आवाज चढवला नव्हता, शेजारच्या बाईलाही ऐकू गेलं नसतं. मग तुम्ही सांगितलंत ते मला तोवर माहीत नव्हतं. तुम्ही वरच्या माळावर गायीला घेऊन गेला होता. कंपनीची माणसं फक्की टाकून खुणा करत होती. त्यातल्या एकानं तुम्हाला हटकलं. "माझ्याच माळावर मला म्हनला, आजोबा, बाजूला सरा, ही जागा कंपनीची हाय. म्या सरलो. काय म्हननार त्याला? मलाच ठावं न्हाय." ताईंना तुम्हीच फोन लावून बोलावलं होतं, त्या तर नको म्हणत होत्या, हेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत. मी म्हणाले, मामा, त्या माळात काय उगवत होतं? तुम्ही म्हणालात, "न्हाय उगवत. घरी बसून इचारली आसतीस तर म्या सही बी केली आसती. तू इचारलं न्हाईस, माय." एवढंच. नंतर गाडी लागली आणि तुम्ही पिशवी टाकून माझ्यासाठी जागा धरलीत.

डॉक्टरचा कागद मी घरी येऊन चुलीत घातला. वकिलाकडं परत गेले नाही, भाऊ वर्षभर माझ्याशी बोलला नाही. ताई दिवाळीला आल्या तेव्हा त्यांच्या मनात होतं की आता मुखत्यारपत्र त्यांच्या थोरल्या मुलाच्या नावानं करावं, कुणीतरी बघणारं हवंच ना. तुम्ही त्यांनाही सांगून टाकलंत, "आता कुनालाच न्हाय. म्या हाय तवर माझी सही म्याच करनार." ताई रुसल्या. मला आत कुठंतरी बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं.

त्यानंतरची अडीच वर्षं, मामा, मी थकले. ते सांगायला हवं, कारण लोक आता त्या वर्षांचं फार गोड करून सांगतात. प्रत्येक कागदाला तुम्ही स्वतः यायचात. बँकेत मशीनवर तुमचा अंगठा उमटायचा नाही, तीन-तीनदा बोटं पुसायची, ओली करायची, साहेब म्हणायचे उद्या या. तहसीलला लाइट नाही, तलाठी नाही, आणि सावलीत तुम्हाला बसवून मी ह्या खिडकीतून त्या खिडकीत. जे काम मी एका सहीनं तासात करत होते त्याला दोन दिवस. रजा संपायच्या, सुपरवायझर बोलायच्या. कितीदा मनात आलं की म्हाताऱ्यानं हट्टापायी दोघांचाही जीव काढलाय. पहिल्या वेळी तर तुम्ही अंगणवाडीत आला होता. खिचडी वाढायची वेळ होती. तुम्ही दारात चप्पल काढलीत, पोरांच्या रांगेत सतरंजीवर बसलात आणि सगळ्यांचं होईपर्यंत थांबून मला विचारलंत, "उद्या बँकेत जायचं हुतं. तुला रजा मिळंल का?" तोवर तुम्ही मला असं कधी विचारलं नव्हतं. मी हो म्हणाले. मग मीही विचारायला लागले. कापूस लावायचा का तूर, गाय विकायची का, पोरीला लातूरला नर्सिंगला घालायचं का. तुम्ही बहुतेक वेळा म्हणायचात, तुला काय वाटतं. मग मला जे वाटायचं तेच व्हायचं, फक्त उशिरा व्हायचं.

पवनचक्की शेजारच्या गावाच्या माळावर गेली. तुमच्या शेवटच्या वर्षी तो टॉवर उभा राहिला. संध्याकाळी त्याच्या पात्यांची सावली आपल्या माळावरून फिरायची, आणि तुम्ही एकदा ती बघत म्हणालात, आपल्यावरनं नुस्ता वारा जातोय. त्यात पश्चात्ताप होता की गंमत, मला कळलं नाही. त्या सहीबद्दल मी तुमची माफी मागितली नाही आणि त्या नोटिशीबद्दल तुम्हीही कधी काही बोलला नाहीत. मार्गशीर्षात चार दिवस ताप आला आणि तुम्ही गेलात. त्याला आता बारा वर्षं झाली.

तेराव्याला सगळे जमलेले असताना ताई बोलायला लागल्या. पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं वैनीनं केलं, अण्णांनी, म्हणजे तुम्ही, हिचं मुखत्यारपत्र काढून घेतलं तरी हिनं मनात धरलं नाही. आणि मग म्हणाल्या, "त्याच महिन्यात गुडघा दुखतो म्हणून धाराशिवला मोठ्या डॉक्टरकडं नेलं हिनं. अण्णांनीच सांगितलं मला. म्हनाले, पोरगी रागात हाय, पर माझा गुडगा तिच्या ध्यानात हाय." बायका डोळे पुसत होत्या. मी ताटं गोळा करत होते, ती घेऊन मागच्या अंगणात गेले. तुम्ही माझं खोटं तुमच्या लेकीपाशी खरं करून ठेवलं होतंत, आणि मला एका शब्दानं कळू दिलं नव्हतं. चार महिन्यांनी ताईंनी आपला वाटा माझ्या नावानं हक्कसोड करून दिला. त्यांचे मुलगे नको म्हणत होते. त्या रजिस्ट्रीत साहेबांना म्हणाल्या, माझ्या बापाला हिनं सांभाळलं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, सही करा म्हणाले. मी केली.

मागच्या आठवड्यात ताईंचा फोन आला होता. त्या आता चौऱ्याहत्तरच्या आहेत, चालवत नाही. त्यांचे मुलगे म्हणतायत, आई, मुखत्यारपत्र करून दे, तुझी धावपळ नको. त्या म्हणाल्या, "तू सांग गं, देऊ का? तुझ्यासारखं मानूस आसलं तर भ्या न्हाय, पर सगळी तुझ्यासारखी नसत्यात." मी म्हणाले, विचार करून सांगते. अजून सांगितलेलं नाही. त्यांना सांगायचं तर मी कशी होते ते आधी सांगावं लागेल, आणि मग तो वाटा, ते तेराव्याचं बोलणं, सगळंच.

हे पत्र कुठं जाणार नाही, ते मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं. खरं म्हणजे हे ताईंना लिहायला हवं होतं. त्या आहेत, त्यांना वाचता येतं, कळंबचा पत्ता माझ्याकडं आहे. तुम्हाला लिहायला बसले, कारण ह्यातलं तुम्हाला सगळं आधीच ठाऊक होतं.